पोटाचे दोन-तीन आजार एकाच वेळी: तरुण वयात पथ्याचा मेळ कसा घालायचा?

सकाळी करपट ढेकर, दुपारी पोट डब्ब, दूध घेतलं की जुलाब आणि मध्येच चार दिवस बद्धकोष्ठता. विशी-पंचविशीतल्या अनेकांची तक्रार एकाच आजाराची नसते, दोन-तीन आजार एकत्र असतात. पित्तासाठी तिखट-आंबट बंद होतं, आतड्यासाठी कडधान्यं कमी होतात, गव्हाचा संशय आला की चपाती जाते, दूध सोसत नाही म्हणून दहीही जातं. शेजारीपाजारी आणि मोबाईल आणखी चार पदार्थ वगळायला लावतात. शेवटी ताटात नुसता भात उरतो, वजन उतरतं आणि त्रास मात्र तसाच राहतो.

प्रत्येक आजाराचं पथ्य वेगवेगळं पाळून त्यांची नुसती बेरीज केली की असं होतं. ते टाळायचं तर तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पदार्थ बंद करण्याआधी तपासणी, कोणतं पथ्य पूर्ण पाळायचं आणि कोणतं प्रमाणात याची फोड, आणि बंद केलेल्या पदार्थांपैकी जे परत आणता येतील ते परत आणणं.

कोणते आजार एकत्र दिसतात?

तरुण वयात नेहमी आढळणारे चार त्रास असे:

• ॲसिड रिफ्लक्स: जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येतं. छातीत जळजळ, आंबट पाणी तोंडात येणं, रात्री खोकला. बोलीत याला 'पित्त' म्हणतात.

• आयबीएस: आतड्याला जखम किंवा सूज नसते, पण त्याची हालचाल आणि संवेदना बिघडलेली असते. २०१६ च्या रोम निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटदुखी हवी. तिचा शौचाशी संबंध, शौचाच्या वेळांत झालेला बदल आणि शौचाच्या स्वरूपात झालेला बदल यांपैकी किमान दोन गोष्टी जुळाव्या लागतात. त्रासाची सुरुवात सहा महिने किंवा त्याआधी झालेली असावी.

• लॅक्टोज न पचणं: दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज नावाचं विकर आतड्यात कमी पडतं. वय वाढताना ते कमी होणं भारतीयांमध्ये सर्रास आढळतं, त्यामुळे लहानपणी दूध पचलं म्हणून आताही पचेलच असं नाही.

• सिलिअ‍ॅक: गहू आणि जव यांतल्या ग्लूटेनमुळे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. हा आजन्म टिकणारा आजार आहे.

यांतले दोन-तीन एकत्र येण्यामागे कधी कधी एकच मूळ असतं. सिलिअ‍ॅकमध्ये लहान आतड्याच्या आतलं मखमलीसारखं अस्तर झिजतं. लॅक्टेज याच अस्तरात तयार होतं. त्यामुळे गव्हाचा आजार असलेल्याला दूधही पचेनासं होतं आणि आपल्याला दोन आजार आहेत असं त्याला वाटतं. गहू पूर्ण बंद करून अस्तर भरून आलं की काही महिन्यांत दूध परत पचू लागल्याचं बऱ्याच जणांत दिसतं. अशा माणसाने दूध कायमचं सोडणं म्हणजे विनाकारण शिक्षा.

गहू बंद करण्याआधी रक्त तपासा

'आठ दिवस चपाती सोडली, बरं वाटलं, म्हणजे ग्लूटेनचाच त्रास' असं म्हणून अनेक जण मोकळे होतात. इथेच मोठी गल्लत होते. सिलिअ‍ॅकसाठी आधी रक्तातली टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए तपासतात. गरज पडली तर दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा घेतात. या तपासण्या गहू खाण्यात असतानाच खऱ्या येतात. गहू सोडून काही आठवडे झाले की आजार असूनही रक्ताचा अहवाल 'नॉर्मल' येऊ शकतो. म्हणून तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज, एकापेक्षा जास्त जेवणांत गहू असावा, असा ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शिकेचा सल्ला आहे.

गहू सोडून बरं वाटण्याचं दुसरंही कारण असतं. गव्हात फ्रुक्टन नावाची आंबणारी साखर असते आणि आयबीएसच्या रुग्णाला तिचा त्रास होतो. दोघांनाही चपाती सोडून बरं वाटतं, पण एकाला आयुष्यभर कण न् कण टाळायचा असतो आणि दुसऱ्याला अर्धी चपाती चालते. हा फरक तपासणीशिवाय कळत नाही.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईच्या काळातल्या अनुभवांनी त्यांच्या निरीक्षणाला बळ दिलं, आणि १९५० मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. भारतात हा आजार सगळीकडे सारखा नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात त्याचं प्रमाण १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळलं. दोन्हीकडे आनुवंशिक शक्यता साधारण सारखीच होती, रोजच्या जेवणातल्या गव्हात मात्र मोठा फरक होता. म्हणजे ग्वाल्हेर-इंदूरच्या गहूप्रधान घरातल्या तरुणाला लोहाची कमतरता, जुनाट जुलाब किंवा खुंटलेलं वजन असेल तर हा आजार आधी आठवला पाहिजे. दक्षिणेत तो विरळ आहे, पण मुळीच नाही असं नाही. घरात आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला सिलिअ‍ॅक असेल तर इतरांनीही, त्रास नसला तरी, रक्त तपासून घ्यावं. अशा जवळच्या नातेवाइकांत तो दहातल्या एकाच्या आसपास आढळतो.

पित्ताचंही तसंच. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असेल तर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी थांबवावी लागतात. गोळी घेत घेत तपासणी केली तर जंतू लपून राहतो. अर्थात गोळी थांबवायची ती डॉक्टरांना विचारूनच.

पूर्ण पथ्य आणि प्रमाणाचं पथ्य

सगळ्या पथ्यांना एकच कडकपणा लावला की माणूस थकतो आणि मग सगळंच सोडून देतो. म्हणून आपली यादी दोन भागांत लिहावी.

पूर्ण पथ्य: सिलिअ‍ॅक असेल तर ग्लूटेन, आणि एखाद्या पदार्थाची खरी ॲलर्जी असेल तर तो पदार्थ. इथे 'थोडं खाल्लं तर काय होतंय' चालत नाही. पावाच्या एका स्लाइसमध्ये दोन ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असतं. त्याचा चाळिसावा भाग, म्हणजे रोज ५० मिलिग्रॅम, तीन महिने पोटात गेला तरी आतड्याला इजा झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे. त्या काळात पोट दुखेलच असंही नाही. त्रास झाला नाही म्हणजे नुकसान झालं नाही, हा समज इथे लागू पडत नाही.

प्रमाणाचं पथ्य: लॅक्टोज, आयबीएस, रिफ्लक्स. इथे एका घासाने आतड्याला इजा होत नाही. त्रास ठरतो तो किती, कशासोबत आणि किती वाजता खाल्लं यावर. कांद्याच्या दोन फोडींनी काही होत नाही, पण कांदाभजी, मिसळ आणि वर ताक-कांद्याची कोशिंबीर एकाच दिवशी आली की पोट फुगतं.

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा घ्या. त्यात रवा, दूध, तूप, साखर आणि केळं. ज्याला दूध सोसत नाही किंवा आयबीएस आहे, त्याने चमचाभर प्रसाद घ्यायला काही हरकत नाही. ज्याला सिलिअ‍ॅक आहे त्याने तेवढाही घेऊ नये, नमस्कार करून केळं घ्यावं. घरच्या मोठ्यांना हा फरक एकदा नीट समजावून सांगितला की पुढचे निम्मे वाद मिटतात. चर्चमध्ये कम्युनियनला मिळणारी पातळ चकतीही गव्हाची असते. तिथे कमी ग्लूटेनची चकती नियमांत बसते, त्यामुळे पाद्रींशी आधी बोलून घेतलेलं बरं.

दूध: सगळं बंद करायची गरज नसते

कपभर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेक प्रौढांना एवढं, जेवणासोबत घेतलं तर, चालून जातं. उपाशीपोटी ग्लासभर दूध आणि दिवसभरात विभागलेला दोन-तीन कप चहा यांत म्हणूनच फरक पडतो. दह्यात जिवाणूंनी लॅक्टोजचा काही भाग आधीच पचवलेला असतो. पनीरमध्ये तो कमी आणि तुपात जवळजवळ नसतोच. याउलट खवा म्हणजे आटवलेलं दूध, त्यात लॅक्टोज एकवटलेलं असतं. बेळगावचा कुंदा किंवा धारवाडी पेढा खायचाच असेल तर जेवणानंतर थोडासा खावा, डबा उघडून बसू नये.

पित्त झालं की थंड दूध पिण्याची पद्धत घरोघरी आहे. त्याने घटकाभर बरं वाटतं, पण दुधामुळे जठरात नंतर आणखी आम्ल तयार होतं. त्यातून लॅक्टोजचाही त्रास असेल तर एका दुखण्याचा उपाय दुसरं दुखणं वाढवतो.

आयबीएस: सहा आठवड्यांचं पथ्य, जन्मभराचं नव्हे

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये 'फॉडमॅप' ही कल्पना मांडली. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि पुढे मोठ्या आतड्यात आंबणाऱ्या काही साखरांचं हे एकत्रित नाव. त्या पाणी ओढून घेतात, गॅस करतात आणि संवेदनशील आतडं दुखू लागतं.

आपल्या स्वयंपाकात त्या कुठे असतात? कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, वाटाणे, फ्लॉवर, दूध, काजू, पिस्ता, मध, सफरचंद, कलिंगड आणि आंबा यांत जास्त. तांदूळ, पोहे, ज्वारी, बटाटा, गाजर, काकडी, वांगं, पालक, भेंडी, शेंगदाणे, अंडी, मासे आणि चिकन यांत कमी.

या पथ्याचे तीन टप्पे आहेत आणि बहुतेक जण पहिल्यावरच अडकतात.

पहिला टप्पा: दोन ते सहा आठवडे जास्त फॉडमॅपचे पदार्थ बाजूला. एवढ्या काळात फरक पडला नाही तर हे पथ्य आपल्यासाठी नाही असं समजून थांबावं.

दुसरा टप्पा: एक-एक गट परत आणणं. तीन दिवस कांदा, रोज थोडा वाढवत. मग काही दिवस विश्रांती. मग तीन दिवस दूध, मग गहू, मग कडधान्य. एका वेळी एकच गट, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

तिसरा टप्पा: जे सोसलं ते ताटात कायम, जे सोसलं नाही तेवढंच कमी.

पहिला टप्पा वर्षभर ओढला तर आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं अन्नच तुटतं आणि आहारही आखडतो. शक्य असेल तर हे टप्पे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावेत.

काही युक्त्या स्वयंपाकघरातच आहेत. लसणातलं फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर फोडणीला चव येते आणि त्रास टळतो. पातीच्या कांद्याचा हिरवा भाग चालतो, पांढरा टाळावा. कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यावं आणि नव्या पाण्यात शिजवावीत. तुरीच्या वाटीभर आमटीपेक्षा मुगाचं पातळ वरण हलकं पडतं.

बद्धकोष्ठता असेल तर गव्हाच्या कोंड्यापेक्षा इसबगोल बरा. कोंड्याने आयबीएसचं पोट आणखी फुगू शकतं. एक चमचा इसबगोल ग्लासभर पाण्यातून घ्यावा आणि प्रमाण हळूहळू वाढवावं. पाणी कमी पडलं तर तोच इसबगोल अडकून बसतो.

पित्त: काय खाल्लं याइतकंच कधी खाल्लं हेही महत्त्वाचं

रिफ्लक्समध्ये पदार्थांच्या लांबलचक यादीपेक्षा वेळ जास्त काम करते. जेवण आणि झोप यांत तीन तास अंतर हवं. कॉल सेंटर, आयटी किंवा कारखान्याची शिफ्ट करणाऱ्याने घड्याळ न बघता आपल्या झोपेपासून मागे मोजावं. एकदम भरपेट जेवण्यापेक्षा थोडं-थोडं खावं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या उशा वाढवल्या तर कंबरेत वाकून पोटावर दाब येतो. डाव्या कुशीवर झोपल्याने आम्ल वर येणं कमी होतं. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा फायदा मोठा आहे. सिगारेट, गुटखा, दारू यांनी त्रास वाढतो. तळण, चहा-कॉफी, चॉकलेट, पुदिना आणि आंबट फळं सर्वांनाच बाधतात असं नाही, ज्याने आपल्याला जळजळ होते तेवढंच टाळावं. आम्ल कमी करणारी गोळी बहुधा जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, जेवणानंतर घेतली तर तिचा जोर कमी पडतो. दुखण्यावरच्या गोळ्या मनानेच खाण्याची सवयही जठराला जड जाते.

पथ्यं एकमेकांच्या आड येतात तेव्हा

कांदा-लसूण सोडलेल्यांना चवीसाठी हिंग सुचवतात. पण बाजारातला बांधणी हिंग बहुधा मैद्यात किंवा डिंकात मिसळलेला असतो. आयबीएसवाल्याला तो चालतो, सिलिअ‍ॅकवाल्याला नाही. त्याने तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग शोधावा.

बद्धकोष्ठतेला चोथा हवा, फुगणाऱ्या पोटाला तो नको. इथे एकदम वाटीभर मोड आलेली मटकी खाण्यापेक्षा दर आठवड्याला थोडी भाजी, थोडा इसबगोल वाढवावा. संत्रं आयबीएसला चालतं पण छातीत जळजळ करू शकतं, तेव्हा त्या जागी पपई घ्यावी. दूध कमी झालं की कॅल्शियम कुठून, असा प्रश्न येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. १०० ग्रॅम नाचणीत ते ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. तीळ आणि काट्यासकट खाल्ले जाणारे बारीक मासेही उपयोगी.

अडचणीत आधी कोणाचं ऐकायचं याचा क्रम सोपा आहे. पूर्ण पथ्य पहिलं, त्या क्षणी सर्वांत जास्त छळणारा त्रास दुसरा, बाकीचे त्यानंतर.

राज्य बदललं की शब्दाचा अर्थ बदलतो

शिक्षण-नोकरीसाठी बेळगावहून बडोद्याला, इंदूरहून हैदराबादला जाणाऱ्या मराठी तरुणांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. तोंडओळखीच्या नावांनी फसगत होते.

• भाखरी: मराठीत भाकरी ज्वारी-बाजरी-तांदळाची. गुजरातेत 'भाखरी' गव्हाची असते.

• रोटी: इंदूर-ग्वाल्हेरला रोटी म्हणजे गव्हाची पोळी. उत्तर कर्नाटकातली 'जोळद रोट्टी' आणि तेलंगणातली 'जोन्न रोट्टे' मात्र ज्वारीची.

• भात: कर्नाटकातला बिसीबेळे भात तांदळाचा, पण केसरीभात आणि खाराभात रव्याचे, म्हणजे गव्हाचे.

• रवा: 'इडली रवा' तांदळाचा. 'बॉम्बे रव्वा', 'चिरोटी रवा', 'बन्सी रवा' आणि सूजी ही सगळी गव्हाची.

• दलिया, माळव्यातली थुली, गुजराती लापशी: सगळ्यांत गव्हाचा भरडा.

• खपली: 'जुना देशी गहू, चालतो' असं सांगून विकतात. कन्नडमध्ये 'जवे गोधी'. यातही ग्लूटेन असतं.

गव्हाला कन्नडमध्ये 'गोधी', तेलुगूत 'गोधुमलु', गुजरातीत 'घऊं' म्हणतात. हा एक शब्द आला तरी हॉटेलात नेमका प्रश्न विचारता येतो.

पाकिटावर 'यात अमुक आहे' अशी ॲलर्जीकारक घटकांची ओळ छापणं भारतात बंधनकारक आहे. ती आधी वाचावी. 'ग्लूटेन फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. नुसतं 'मल्टिग्रेन' किंवा 'मिलेट' लिहिलेल्या बिस्किटात पहिला घटक मैदा असू शकतो.

गहू लपून बसतो अशा आणखी जागा: थालीपिठाची भाजणी, कुरडया, शेवया, रवा लावून तळलेले मासे, चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस, माल्टची पेयं, बिअर, उंधियोतले मुठिये, गव्हाच्या पुऱ्या तळलेल्या तेलातले पापड. आणि गिरणी. गव्हानंतर त्याच जात्यावर दळलेल्या ज्वारीत गव्हाचं पीठ येतंच. सिलिअ‍ॅक असलेल्या घरात वेगळी घरघंटी किंवा मिक्सर, वेगळं पोळपाट-लाटणं, वेगळी परात आणि वेगळा तवा ठेवावा.

दिवसाचं ताट

गहू पूर्ण बंद, दूध मर्यादित, कांदा-लसूण तात्पुरता बाजूला आणि पित्तही आहे, अशा चारही अडचणी असल्या तरी ताट रिकामं राहत नाही.

सकाळी: शेंगदाणे, बटाटा, कढीपत्ता घालून कांद्याविना पोहे, किंवा तांदळाचं घावन, किंवा इडली. इंदूरकरांनी पोहे ठेवावेत, जिलेबी सोडावी. उपाशीपोटी चहा नको.

दुपारी: ज्वारीची भाकरी, दुधी-दोडका-भेंडी यांपैकी एक भाजी, भात, मुगाचं पातळ वरण, सोसेल तेवढं ताक.

संध्याकाळी: पपई, ज्वारीच्या लाह्या किंवा मूठभर शेंगदाणे.

रात्री: मऊ भात किंवा नाचणीची भाकरी, सोबत अंडं, कमी तिखटाची माशांची कढी किंवा पनीर. लवकर आणि बेताचं.

प्रवासात किंवा परक्या गावात उपवासाचे पदार्थ उपयोगी पडतात. साबुदाणा, वरी, राजगिरा आणि शिंगाडा यांत मुळात ग्लूटेन नसतं. मात्र दुकानात ते गव्हाशेजारी दळलेले-भरलेले नाहीत ना, हे बघावं. रोजचं जेवण म्हणून साबुदाण्यावर राहू नये, त्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं.

मेस, मित्र आणि लग्नाचं वय

हॉस्टेलच्या मेसमध्ये संपूर्ण पथ्य समजावत बसण्याऐवजी मावशींना किंवा काकांना दोनच गोष्टी सांगाव्यात: मला भाकरी किंवा भात हवा, आणि फोडणीआधी माझी भाजी थोडी वेगळी काढा. खोलीत राईस कुकर, पोहे आणि अंडी असली की अडलेला दिवस निघून जातो.

दोन आठवडे साधी वही ठेवावी. काय खाल्लं, किती वाजता, त्रास काय झाला, शौच कसं होतं, झोप किती, परीक्षा-ताण होता का, मुलींनी पाळीची तारीख. यातून पुष्कळदा दिसतं की त्रास पदार्थाने नव्हे, जागरणाने वाढला. आतडं आणि मेंदू एकमेकांशी सतत बोलत असतात, म्हणून आयबीएसमध्ये समुपदेशनाचाही खरा उपयोग होतो. 'सगळं मनाचं आहे' असं म्हणून मात्र कुणाची बोळवण करू नये, दुखणं खरंच असतं.

लग्नाच्या बोलण्यात अडचण नको म्हणून अनेक घरांत, विशेषतः मुलींचा, आजार लपवला जातो. सिलिअ‍ॅक लपवून नव्या घरात रोज चपाती खावी लागली तर रक्तक्षय, हाडं ठिसूळ होणं आणि गर्भधारणेतल्या अडचणी मागे लागू शकतात. ताटात काय हवं हे आधी सांगितलेलं कधीही स्वस्त पडतं.

दुसरी बाजूही बघावी. जेवायची भीती वाटणं, चारचौघांत खाणं टाळणं, पदार्थांची यादी महिन्यागणिक आखडत जाणं, वजन घटत राहणं: हे पथ्य राहिलेलं नसून खाण्याचाच आजार होत चालला आहे. घरच्यांनी हे वेळीच ओळखावं.

तपासण्या आणि धोक्याच्या खुणा

बरेच पदार्थ बंद असलेल्यांनी हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासावं. शाकाहारी माणसाने दूध-दहीही सोडलं तर बी-१२ मिळण्याचा मुख्य मार्गच बंद होतो. सिलिअ‍ॅकमध्ये पथ्य लागू पडतं का हे पाहण्यासाठी टीटीजी सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी बघतात.

पुढील खुणा दिसल्या तर आहारात प्रयोग करत बसू नये, पोटविकारतज्ज्ञांकडे जावं:

• शौचातून रक्त किंवा काळं शौच
• कारण नसताना वजन घटणं, रेंगाळणारा ताप
• झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पोटदुखी
• घास अडकणं, वारंवार उलट्या
• रक्तक्षय
• घरात आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याच्या सुजेचा आजार

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याच्या सुजेचे आजार बहुधा तरुणपणीच सुरू होतात. आपल्याकडे आतड्याचा क्षयही तसाच दिसतो. सुरुवातीला हे सगळे 'नेहमीचं पोट' वाटतात. शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनची तपासणी सूज आहे की आयबीएस, हे वेगळं करायला मदत करते.

सीमाभागात उपचार पुष्कळदा दुसऱ्या राज्यात होतात. चंदगडचा रुग्ण बेळगावला जातो, सिंधुदुर्गातला बांबोळीला. दवाखाना बदलला की पथ्याची नवी यादी मिळते आणि जुनीवर चढते. म्हणून आधीचे अहवाल, चालू गोळ्या आणि बंद केलेले पदार्थ, प्रत्येकासमोर 'कोणी आणि का बंद केला' हे एका कागदावर लिहून सोबत न्यावं. ज्या पदार्थासमोर कारण लिहिता येत नाही, तो परत सुरू करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध किंवा आहारातला मोठा बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.)